नीला, नऊचा ताळा खोटा नाही

नीला, नऊचा ताळा खोटा नाही. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढं लिहायला हात मोकळा राहील.

तू असतीस तर याच ओळीवर बोट ठेवून म्हणाली असतीस, "अण्णा, कुणी विचारलंय तुला?" तुझ्या शाळेच्या हेडबाईंनी विचारलंय. परवा घरी येऊन बसल्या होत्या. शाळेचा अंक निघायचाय, त्यात घरच्या माणसानं बाईंवर काही लिहावं, म्हणाल्या. जन्म कधीचा, नोकरी किती वर्षं, कुठल्या कुठल्या शाळेत होत्या, एवढं आलं तरी पुरे, म्हणाल्या. मी म्हटलं, ते तुमच्या हापिसात लिहिलेलं असंल की. मला जे ठावं हाय ते लिहितो. छापायचं तर छापा, नाहीतर राहू द्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. हसल्या का रडल्या, मला कळलं नाही.

दुसरी शिकलेला माणूस मी, आणि लिहितोय मास्तरणीवर. पण अक्षर तुझंच आहे. तू ट्रेनिंगला होतीस तेव्हा पाटीवर कित्ता काढून ठेवायचीस, स्वतःच्या सरावासाठी म्हणून, आणि मी अडत बाजारातून आल्यावर कुणी बघत नाही ना ते बघून तो गिरवायचो. तुला माहीत होतं. कित्ता रोज बदलायचा आणि रोज थोडा अवघड व्हायचा. सरावाला कुणी जोडाक्षरं अशी एक-एक वाढवत नेतं होय? पण तू कधी बोलली नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. बाजारात लोकांना वाटायचं, पोती तोलणारा हा तोलार पेपर वाचतो म्हणजे चौथी तरी झाला असणार. मी कुणाला नाही म्हणालो नाही.

त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. मानतो. आता भांडणाकडं येतो.

आपले पाढे एकाच आईच्या तोंडातून आले, नीला. अव्वा तुरी निवडायला बसली की तू एका बाजूला, मी एका बाजूला. "एरडोंदल एरडु, एरडेरडल नाल्कु." सूप हलायचं तसे पाढे हलायचे. चुकलं की तिचा हात थांबायचा. ती रागवायची नाही, नुसती म्हणायची, "मत्त हेळु," पुन्हा म्हण, आणि मान खाली घालून खडे वेचायची. अव्वाला मराठी बाजारापुरतं येत होतं. शाळेची पायरी तिनं बघितली नव्हती. पण बारापर्यंतचे पाढे तिनं आपल्या दोघांना कन्नडात असे दिले की ते अंगात गेले. पुढं चाळीस वर्षं मी ज्वारीची पोती तोलली. किती पोती, पोत्याला किती, सगळं त्याच पाढ्यांवर. शेर गेले, किलो आले, माझा गुणाकार कन्नडच राहिला. पोती तोलताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, तेवढं एक मराठी. बाकी सगळं अव्वाचं.

आणि हिशेब संपला की नऊचा ताळा. आकडे सुटे करून मिळवत जायचे, नऊ झाले की टाकून द्यायचे, दोन्हीकडं उरलेलं सारखं आलं की गुणाकार बरोबर. बाजारात सगळे तोलार हेच करत. सोपं आहे, उभ्या उभ्या होतं.

तू मात्र विधवा होऊन परत आलीस, सातवीची फायनल पास झालीस, ट्रेनिंग केलंस, म्युनिसिपालटीच्या शाळेत चौथीचा वर्ग घेतलास, आणि त्यानंतर तुझ्या तोंडून अव्वाचा पाढा मी ऐकला नाही. "नऊ साते त्रेसष्ट." घरातसुद्धा. भाजीवालीशी बोलतानासुद्धा. मला ते लागायचं. मी एकदा म्हटलंही, "नीलव्वा, अव्वाचे पाढे कुटं टाकलीस गं?" तू म्हणालीस, "टाकले न्हाईत, ठेवलेत." मी म्हटलं, "ठेवलेलं वापरावं लागतं, न्हाईतर कसर लागती." तू उठून आत गेलीस. शाळेत शंभर पोरींना उत्तरं देणारी बाई घरात उत्तर न देता उठून जायची, हे तुझं नेहमीचं.

सगळं नंदावरून तापलं. माझ्या मल्लूची पोरगी, माझी नात ती, तिला दोघंही सोडत नव्हतो. सकाळी शाळेला जाताना तिची वेणी तू घालायचीस आणि वेणीबरोबर मराठीत पाढे. संध्याकाळी बाजेवर माझ्याजवळ बसली की मी अव्वाचे. पोरगी हुशार. दोन्ही म्हणायची. मी म्हणायचो, दोन बैल गाडीला लागलेत, गाडी पळणार. तू म्हणालीस, "दोन बैल दोन दिशेनं वढत असले तर?" चौथीत, तुझ्याच वर्गात गेली, मोठे गुणाकार-भागाकार आले, आणि सहामाहीत तिला गणितात जेमतेम मार्क पडले.

मल्लू कमी बोलणारा. गिरणीतनं आला, गुणपत्रक बघितलं, हात धुतले आणि जेवताना म्हणाला, "वार्षिकला असंच झालं तर मैंदर्गीला धाडतो. मामा हाय तिचा तितं. तितं कन्नड शाळा हाय. न्हाई जमलं शिकायला तर घरकाम तरी शिकंल." सूनबाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. मैंदर्गी तिचं माहेर, पण पोरगी माहेरी धाडायची म्हणजे काय, ते तिला कळत होतं. तुझं आणि माझं, दोघांचंही जेवण थांबलं. त्या एका बाबतीत आपलं एकमत होतं. नंदा कुठं जाणार नाही.

मग तू सराव परीक्षा घेतलीस. वर्गातल्या सगळ्या पोरींची घेतलीस, पण कुणासाठी घेतलीस ते मला कळत होतं. पेपर घरी आणलास, चटईवर बसलीस, चष्मा लावलास. मी बाजेवर होतो. नंदा उंबऱ्यात, पाय दुमडून. तू एक गणित बघितलंस आणि बघतच राहिलीस.

"अण्णा, हितं ये."

गणित साधं होतं. तीन हजार एकशे नऊ गुणिले सात. पोरीनं लिहिलं होतं एकवीस हजार सातशे छत्तीस.

मी बाजेवरूनच ताळा केला. वरचे चार उरतात. चार साती अठ्ठावीस, दोन आठ दहा, म्हणजे एक. खाली दोन एक सात तीन सहा, एकोणीस, पुन्हा एक. "बराबर हाय की," मी म्हणालो.

"बराबर न्हाई," तू म्हणालीस. "एकवीस हजार सातशे त्रेसष्ट पाहिजे."

"ताळा जुळतोय, नीला."

"जुळणारच. आकडे उलटे पडले तरी बेरीज तीच राहती. तुझ्या ताळ्याला छत्तीस काय आन त्रेसष्ट काय, सारखंच."

मी खाली उतरलो. पाटीवर करून बघितलं. तुझं बरोबर होतं. पण मला ते कबूल करायला वेळ लागत होता, तोवर तू नंदाला जवळ घेतलंस आणि विचारलंस, "सात नव्वे किती म्हणालीस मनात? खरं सांग. मराठीत म्हणालीस का अज्जाच्या बोलीत?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मग तुझ्याकडं. "अज्जाच्या," ती म्हणाली. "येळोंबत्तल अरवत्तमूरु."

"आन मग लिहिलंस काय?"

"सहा लिहिलं. तीन हातचे."

"का गं?"

"तुमीच सांगितलं की वर्गात. आधी कानावर येतं ते लिहायचं, मागचं हातचं."

तू तिला खेळायला पाठवलंस. मग मला समजावलंस, हळू आवाजात, जसं वर्गातल्या मंद पोरीला समजवावं तसं. म्हणून मी जास्त चिडलो. मराठीत त्रेसष्ट म्हटलं की तीन पुढं, साठ मागं. ते तीन लिहायचे, सहा हातचे. कन्नडात अरवत्त म्हणजे साठ पुढं, मूरु म्हणजे तीन मागं. पोरगी शाळेची रीत घरच्या पाढ्याला लावते, आणि आकडे उलटे पडतात. आणि ताळा म्हणतो बरोबर. म्हणून तिला चूक दिसतच नाही.

"मंजे माझ्यामुळं नापास हुणार व्हय पोरगी?" मी म्हणालो.

"मी तसं म्हणाले न्हाई."

"तसंच म्हणालीस. अव्वाचे पाढे वंगाळ. तुझं ट्रेनिंग चांगलं."

"अण्णा, एक काहीतरी ठरव. तिला मराठीत करू दे. परीक्षा होईस्तोवर तू पाढे घेऊ नको."

"आन मी काय करू? बाजेवर बसून माशा मारू?"

तू चष्मा काढलास. मग तू ते बोललीस जे एवढी वर्षं एका घरात राहून तू मला सांगितलं नव्हतंस.

"मला किती वेळा थांबावं लागतं, तुला ठावं हाय? एवढी वर्षं फळ्यापुढं उभी हाय मी. सात नव्वे म्हटलं की आजबी आत अरवत्तमूरुच येतं. मग मी ते मनात उलटं करते, मग मराठीत म्हणते, मग लिहिते. दर वेळी. पोरींना वाटतं बाई सावकाश शिकवतात. मी सावकाश न्हाई शिकवत, मी थांबते. नंदानं का थांबायचं?"

तू थांबली नाहीस.

"पहिल्या वर्षी थांबले न्हाई. शाळा तपासायला आलेले डेप्युटी मागच्या बाकावर बसलेले. मी फळ्यावर गुणाकार घातला आन सहा लिहून तीन हातचे घेतले. पहिल्या बाकावरची पोरगी उभी राहिली. बाई, चुकलं म्हणाली. मी म्हटलं, चुकलं न्हाई, हा बघ ताळा. सगळ्या वर्गापुढं नऊचा ताळा करून दाखवला. जुळला. मी तिला म्हटलं, खाली बस. ती बसली. मग साहेब उठले, खडू घेतला, आन माझ्या उत्तराला उलटं भागून दाखवलं. एक शब्द बोलले न्हाईत. मला साहेबांचं काही वाटलं न्हाई, अण्णा. पोरगी बरोबर होती. तिला मी खाली बसवलं. ताळ्याच्या जोरावर बसवलं."

म्हणून तू उलटं करून बघायचीस. गुणाकार केला की भागून. भागाकार केला की गुणून. वेळ लागला तरी.

आता ऐक, तेव्हा माझ्या मनात काय होतं. मी तुझा डबा घेऊन शाळेत यायचो की नाही, पावसाच्या दिवसांत? वर्गाच्या खिडकीशी उभा राहायचो, तास संपेपर्यंत. तू फळ्याकडं तोंड करून उभी असायचीस, आणि लिहिता लिहिता तुझा खडू हवेत थांबायचा. जरासाच. मला वाटायचं, माझी बहीण पोरींसाठी थांबते. मागं राहिलेल्या पोरी लिहून घेईपर्यंत थांबते. मला त्याचं कौतुक वाटायचं. बाजारात मी सांगायचो, शिकवावं तर आमच्या नीलानं. तू थांबत होतीस ती अव्वाला उलटं करायला थांबत होतीस, हे मला त्या दिवशी कळलं. हे तेव्हाच सांगायचं होतं, पण तोंडात दुसरंच आलं.

मी म्हणालो, "पोरगी बरोबर होती, पण ताळाबी बरोबरच होता. चूक तुझ्या हाताची."

तू पेपर गोळा केलेस. "तुझ्याशी बोलणं म्हंजे भिंतीला पाढे शिकवणं," म्हणालीस. आणि दारात थांबून एक वाक्य बोललीस, ते मात्र माझ्या पाठीत बसलं. "अण्णा, तुझं खरं ठरलं ना, की पोरगीला कन्नडातच येतं, तर मल्लू तिला मैंदर्गीलाच धाडंल. तितं कन्नड शाळा हाय. जिंक तू, आन दे तिला धाडून."

त्यानंतर आपण नंदामार्फत बोलायला लागलो. "अज्जाला सांग, जेवण झालंय." "आत्याला सांग, ठेव म्हणावं." पोरगी एका खोलीतनं दुसऱ्या खोलीत निरोप नेऊन नेऊन कंटाळली आणि एकदा म्हणाली, "तुमी दोघं भिंतीतनं बोला की, भिंत काय जाड न्हाई." तू आत हसलीस. मी बाहेर हसलो. एकमेकांना ऐकू जाऊ नये म्हणून दोघांनी तोंड दाबलं. मला ऐकू आलं, नीला. तुलाही आलं असेल.

मी पाढे घेणं बंद केलं नाही, पोरीला कन्नडातच येतं असं घरात म्हणतही राहिलो. तू वेणी घालताना घेत राहिलीस. पोरीनं सकाळी एक म्हणावं, संध्याकाळी एक. मला वाटत होतं, वार्षिक परीक्षेच्या आधी एक दिवस मी बोलेन. काय बोलणार होतो ते ठरलं नव्हतं. तू मोठ्या मनाची, तू आधी बोलशील, असंही वाटत होतं. नेहमी तूच आधी बोलायचीस.

तू शाळेच्या पायरीवर बसलीस आणि उठली नाहीस. दुपारचा भोंगा व्हायचा होता. शिपाई सायकलवरून आला तेव्हा मी बाजेवर बसून संध्याकाळी नंदाला कुठला पाढा घ्यायचा ते ठरवत होतो. तुला घरी आणली, विधीला जंगम आले, कपाळाला भस्माची इबत लावली, तुला बसवून मातीला दिली. लिंगैक्य झाली म्हणतात. मी नुसता उभा होतो. तुझ्या वर्गातल्या पोरी ओळीनं उभ्या होत्या, एकीलाही रडू आवरत नव्हतं. मी त्यांच्याकडं बघत होतो आणि माझ्या डोक्यात तेच चाललं होतं, की पहिल्या वर्षी जिला तू खाली बसवलीस ती पोरगी आता केवढी असेल. तिचं नाव मी तुला विचारायला हवं होतं. तू सांगितलं असतंस. तू विसरली नसणार.

घरी नंदानं पाटी काढणंच बंद केलं. सकाळी सूनबाई वेणी घालायची, पोरगी गप्प. संध्याकाळी मी बाजेवर बोलवायचो, यायची, बसायची, पाढा म्हण म्हटलं की पायाच्या बोटानं जमीन उकरायची. "कुटला म्हणू?" एकदा तिनं विचारलं.

एका रात्रपाळीनंतर मल्लू सकाळी आला, चहा घेतला आणि माझ्यासमोर बसला. "अप्पा, मामाला निरोप धाडतो. सुट्टीला येऊन घिऊन जाऊ दे तिला. शाळेचा दाखला काढून ठेवतो."

"परीक्षा हाय अजून."

"परीक्षेत काय करणार ती? आत्या हुती तवर ठीक होतं. तुमीच म्हणता की, तिला कन्नडातच येतं. तितं कन्नड शाळा हाय. मग अडचण काय?"

माझाच शब्द माझ्यासमोर आणून ठेवला त्यानं. तू दारात उभी राहून जे बोललीस, तेच. फक्त त्याला माहीत नव्हतं तू बोलली होतीस ते. नीला, मी आयुष्यात बाजारात कुणापुढं शब्द मागं घेतला नाही. अडत्यापुढं नाही, शेतकऱ्यापुढं नाही. मी खाकरलो.

"पोरगी मराठीत करती," मी म्हणालो.

"कधीपास्नं?"

"आजपास्नं."

मल्लू माझ्याकडं बघत राहिला. "शिकवणार कोण?"

"मी हाय की मेलो?"

त्या दिवसापासून मी मराठी पाढे धरले. तुला हसायला येईल, हस. माझी जीभ अशी अडखळायची की नंदाचा अबोला तिथंच मोडला. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी मला वेगळे ठेवता येईनात. "अज्जा, एकोणसत्तर म्हंजे सत्तरला एक कमी," तिनं मला सांगितलं, अगदी तुझ्या हळू आवाजात, मंद पोरीला सांगावं तसं. मी चिडलो. मग गप्प बसून म्हटलं. "सात नव्वे त्रेसष्ट." ती म्हणायची, "हां. तीन लिहा, सहा हातचे." वेणी घालायला ती माझ्यापुढं बसली नाही एवढंच, बाकी सगळा तुझा वर्ग बाजेवर भरला. अव्वाच्या पाढ्याला मी हात लावला नाही. रोज अंघोळ करताना एकदा मनात म्हणून घ्यायचो, कसर लागू नये म्हणून. ठेवलेत, टाकले नाहीत. तुझंच वाक्य.

परीक्षा झाली. गणिताच्या दिवशी पोरगी पेपर घेऊन आली, कडेला पेन्सिलीनं उत्तरं लिहून आणलेली. मामा मैंदर्गीहून सकाळीच आला होता, ओसरीवर बसून शेंगा खात होता. मल्लू पाळीवर जायच्या कपड्यांत. त्यानं पेपर माझ्या हातात दिला.

"बाकीची सोपी हायत, ती मी बघितली. हे शेवटचं बघा. भागाकार. ह्यालाच जास्त मार्क हायत. तुमचा ताळा चुकत न्हाई म्हणता. बघा आन सांगा. बरोबर असंल तर दाखला काढत न्हाई. मामा तिला सुट्टीपुरतं नेईल आन आणून सोडंल."

पंच्याऐंशी हजार चारशे तेहेतीस भागिले सदतीस. पोरीनं उत्तर लिहिलं होतं दोन हजार तीनशे नऊ, खाली शून्य.

मी उभ्या उभ्या ताळा केला. वरचे पाच. सदतिसाचा एक, उत्तराचे नऊ टाकून पाच. पाच एके पाच. जुळला. माझं तोंड उघडलं होतं, नीला, "बराबर" म्हणायला. मामानं शेंगेचं टरफल टाकायचा हात थांबवला होता. नंदा सूनबाईच्या मागं उभी होती, तिचा एकच डोळा दिसत होता.

आणि मला तुझी पहिल्या बाकावरची पोरगी दिसली. मधलं शून्य खाल्लं असतं तरी पाचच आले असते. आकडे उलटे पडले असते तरी पाचच. ताळा बरोबर आहे म्हणतो, पण कुठलं उत्तर बरोबर ते तो सांगत नाही. हे मला माहीत होतं. तू सांगितलं होतंस. पण मल्लूला माहीत नव्हतं. मी जे म्हणेन ते त्याच्यासाठी खरं होतं. उत्तर चुकलं असतं आणि मी बरोबर म्हणालो असतो, तरी पोरगी राहिली असती. निकाल लागेपर्यंत तरी.

"पाटी आण," मी नंदाला म्हणालो.

"ताळा जुळला न्हाई व्हय?" मल्लूचा आवाज बदलला.

"पाटी आण म्हटलं की."

मी खाली बसलो. दोन हजार तीनशे नऊ लिहिले, खाली सदतीस. मोठ्यानं म्हणायला लागलो, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मराठीत. "सात नव्वे…" आणि तिथं मी थांबलो.

आत अरवत्तमूरु आलं होतं. अव्वाच्या आवाजात आलं होतं, सुपाच्या हालचालीसकट. माझी पेन्सिल पाटीवर टेकायची राहिली. सगळे पाटीकडं बघत होते. त्यांना वाटलं असेल, म्हातारा विसरला. मी विसरलो नव्हतो. मी जिथं थांबलो होतो तिथं तू उभी होतीस, एवढी वर्षं, खडू हवेत धरून, आणि मी खिडकीतून बघून बाजारात कौतुक सांगत होतो.

मी ते उलटं केलं. "त्रेसष्ट," म्हणालो. "तीन लिहिले. हातचे सहा." नंदाचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. "सात शून्ये शून्य, हातचे सहा, सहा. सात त्रिक एकवीस, एक लिहिला, हातचे दोन. सात दुणे चौदा, दोन, सोळा." मग तिनाची ओळ. मग बेरीज. तीन. तीन. चार. पाच. आठ.

पंच्याऐंशी हजार चारशे तेहेतीस.

मी पाटी मल्लूपुढं धरली. त्यानं पेपर पाटीशेजारी धरून एक-एक आकडा बघितला. मामानं शेंग फोडली. मल्लू डबा उचलून चपला घालायला लागला, म्हणजे झालं. पण जाता जाता वळलाच.

"अप्पा, ताळा तर आधीच जुळला होता. मग परत कशाला गुणलं?"

"आत्याला विचार," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. मल्लू चपलेत पाय घालून तसाच उभा राहिला, मग निघून गेला. मी पाटी पुसायला हात नेला तर नंदानं ती माझ्याकडून ओढून घेतली, फ्रॉकला घासून पुसली, बाजेवर चढून बसली आणि म्हणाली, "अज्जा, आता दुसरं घाल. मोठं घाल."

ताळा खोटा नाही, नीला. तो आधीच जुळला होता, हे साक्षीदारांसमोर झालंय. हेडबाईंना म्हणावं, हेसुद्धा छापा.

आणि पोरीला मी दुसरं गणित घातलं. मोठं घातलं. कुठल्या बोलीत घातलं, ते तुला सांगत नाही.